कमळातून वाट

हडपसरच्या त्या चौकात रंग मारून झाला आणि मेहबूब पेंटरची छाती वीतभर फुगली. फुगणारच हो! ट्रकच्या पाठीवर मोर काढण्यात त्याची हयात गेली, मग छापील फ्लेक्स आले आणि ब्रश कोरडे पडले. इतक्या वर्षांनी आर्किटेक्चर शिकलेली उत्कर्षा त्याला शोधत आली. गाड्या हळू व्हाव्यात, माणसांना नीट पलीकडे जाता यावं, म्हणून झेब्रा पट्ट्यांच्या जागी तिला रंगीत पट्टा हवा होता. तिने कागदावर साधे चौकोन दिले होते. मेहबूबला राहवलं नाही. त्याने रांगोळीसारखे ठिपके दिले, वेल फिरवली आणि मधोमध हे एवढं कमळ काढलं.

रांगोळी बघून गाड्या हळू झाल्या. पुण्यात! पण माणसंही तिच्यावरून चालेनात, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. जो तो पट्ट्याला वळसा घालून थेट गाड्यांच्या अंगावर उतरायचा. कोपऱ्यावर मेथी विकणाऱ्या तुळजाबाईंना तर एका टेम्पोने थोडक्यात सोडलं. मेहबूब धावतच त्यांच्याकडे गेला. एवढा पट्टा असताना बाहेरून कशाला जाता, असं त्याने त्यांना रागानेच विचारलं.

“रांगोळीवर पाय कसा देऊ, मेहबूबभाई?” त्या म्हणाल्या. “दारातसुदिक येणाऱ्याला वाट सोडून काढत्यात. तुमी वाटंवरच मांडलीया.”

उत्कर्षाचा चेहरा पडला. सोमवारी पालिकेचे साहेब पाहणीला येणार होते. लोक पट्ट्यावरून चालले नाहीत तर सगळ्यावर काळा रंग फासू, असं त्यांनी आधीच ऐकवलं होतं.

म्हणजे रांगोळीत वाट सोडायची, आणि मधलं कमळ जाणार. शनिवारभर मेहबूब उत्कर्षावर डाफरला, रंगाच्या डब्यांवर डाफरला. रविवारी सकाळी मात्र अर्धा अर्धा रस्ता अडवून गुमान कामाला बसला. कमळाच्या बरोबर मधून, या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत, त्याने साधी पांढरी वाट मारली. शेवटची पाकळी झाकताना म्हातारा चक्क रडला.

सोमवारी साहेबांसमोर तुळजाबाई डोक्यावर पाटी घेऊन वाटेवर उतरल्या. बस थांबली. बंद पडली का, असं मागच्या रिक्षावाल्याने विचारलं. नाही, बाई चालल्यात, कंडक्टर शांतपणे म्हणाला. त्यांच्यामागून शाळेची पोरं गेली, दोन आजोबा गेले, मग रांगच लागली. साहेबांनी बराच वेळ बघितलं आणि राहू द्या म्हणाले.

उत्कर्षा पलीकडे चहा सांगून हाका मारत होती. मेहबूबचा पाय काही उचलेना. कमळ नेमकं कुठे दबलंय ते त्यालाच ठाऊक होतं.

“आमाला चालाया लावलं, अन् तुमीच हुबं?” तुळजाबाई पलीकडून म्हणाल्या.

बिस्मिल्ला म्हणून त्याने पाय टाकला. उजवीकडे टेम्पो थांबला, त्यामागे दुचाक्या थांबल्या. हा रस्ता तो चाळीस वर्षं जीव मुठीत धरून पळतच ओलांडत आला होता. आज तो चालत गेला.