तात्पुरतं डायरेक्ट

मी एक जुना रिले आहे. मित्रांनो, बॉनेटखाली वायरींच्या गर्दीत मुठीत मावेल अशी काळी डबी दिसली, तर तो मीच समजा. बटण दाबलं की मी 'टक्' करतो आणि बॅटरीचा करंट दिव्यांकडे सोडतो. बटण बंद केलं की तोडतो. एवढंच काम, पण ते करून करून मी पार थकलो आहे.

माझी सहा वर्षं एका ट्रकच्या हॉर्नवर गेली. ड्रायव्हर समोर म्हैस दिसली तरी हॉर्न दाबायचा आणि रस्ता मोकळा असला तरी दाबायचा. ट्रक भंगारात गेल्यावर मंगळवार पेठेतले आकाराम वायरमन मला घेऊन आले. त्यांची मुलगी क्रांती चिखला-दगडांतल्या स्पर्धांसाठी जुनी जीप तयार करत होती. त्या जीपवर आकारामांनी चार मोठे दिवे बसवले.

"जुना हाय, पर दगा द्यायचा न्हाई," मला बसवताना ते म्हणाले. आयुष्यात मला एवढीच शाबासकी मिळाली. बॅटरीजवळ त्यांनी एक फ्यूजही लावला. वायरीत बिघाड झाला तर त्यानं जळायचं आणि आम्हाला वाचवायचं.

पुढं आजऱ्याजवळ भर सकाळी दाट धुक्यात दिवे गेले. बॉनेटच्या कडेला घासून वायरीचं साल निघालं होतं. फ्यूज बिचारा इमानदारीत जळाला होता. क्रांतीनं घरी फोन लावला.

"आप्पा, फ्यूज उडालाय. दुसरा न्हाई."

"फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा टाकून डायरेक्ट कर. तात्पुरतं. घरी आलीस की बघतो."

दिवे लागले. ती घरी आली. पण दिवे लागत होते, म्हणून तिनं विषय काढला नाही आणि आप्पांनीही विचारलं नाही. "चाललंय की," एवढंच ती मैत्रिणींना सांगायची. साल निघालेली वायर क्षणभर जरी पत्र्याला टेकली की सगळा भार माझ्यावर यायचा. मला कुणाला सांगता येत नव्हतं. मला फार एकटं वाटायचं.

दोन महिन्यांनी राजारामपुरीत, भर दुपारी, दिवे तपासायला तिनं बटण दाबलं. वायर पत्र्याला चिकटली. माझ्या आतल्या पट्ट्या तापून एकमेकींना चिकटल्या. तिनं बटण बंद केलं, पण मला करंट तोडता येईना. बॉनेटमधून धूर आला. तिनं बॉनेट उघडून ती तापलेली वायर उघड्या हातानं उपटली. जीप वाचली. तळहात भाजला.

दवाखान्यातून घरी आल्यावर आकाराम पक्कड घेऊन जीपजवळ गेले. जळालेली वायर बघून ते तिथंच थांबले.

"ऱ्हाऊ दे आप्पा," क्रांती म्हणाली. "आता मीच करतो."

त्यांनी पक्कड तिच्या चांगल्या हातात दिली आणि ओट्यावर जाऊन बसले. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांच्या वायरी जोडलेला माणूस स्वतःच्या मुलीच्या गाडीजवळ उभा राहू शकला नाही. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मी आता निकामी झालो आहे. तुमच्याकडं एवढंच मागतो. फ्यूज जळाला तर तो का जळाला ते आधी शोधा. आणि "डायरेक्ट कर" असं सांगणारा तुमचा बाप असला, तरी त्याला नाही म्हणा. त्याच्यासाठीच म्हणा.