माझ्या पोटातले बारसे

मित्रांनो, मी नाते गावातल्या एका माळ्यावरचा जुना व्हीसीआर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. टीव्हीखाली ठेवायची काळी चपटी पेटी, पुढे एक झडप. झडपेतून कॅसेट सरकवली की तिच्या फितीवरची चित्रे टीव्हीवर हलू-बोलू लागत. एवढेच माझे काम. पण आज जी हकीकत सांगणार आहे, ती आठवली की मला धडधडते, आणि माझ्यात तर आता वीजही नाही.

प्रवीणराव बिरवाडीच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी मला मुंबईत घेतले आणि एसटीत मांडीवर बसवून नात्याला आणले. गणपतीत मला लावले की पडवीत माणसे मावत नसत. प्रवीणरावांची बायको मीनाताई मला रोज पुसायची आणि जो कोणी बटणाला हात लावायला येईल त्याला सांगायची, “आधी हात धुऊन ये रे.” मला त्याचा मोठा मान वाटे.

मग ती संध्याकाळ आली. पडवीत पाहुणे रेश्माच्या बारशाची कॅसेट बघत होते. रेश्मा ही प्रवीणरावांची एकुलती एक मुलगी. घरची माणसे चुलीपाशी होती. मध्येच लाईट गेली, आणि आली ती अशा झटक्याने की माझ्या आत काहीतरी जळले. पाहुणे उठून जेवायला गेले. त्यानंतर मी कधी सुरू झालो नाही. बारशाची कॅसेट माझ्या पोटात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मीनाताईचा भाऊ भैरूमामा पिशवीभर कॅसेट घेऊन मुंबईला गेला. पुढे बारशाची कॅसेट सापडेना, तेव्हा ती भैरूने नेली आणि हरवली असे घरात ठरून गेले. त्याने किती शपथा घेतल्या, तरी सणाच्या पुरणपोळीला त्याला पुन्हा कुणी बोलावले नाही. मला खरे ठाऊक होते, पण माझे तोंड म्हणजे एक झडप, तीही मिटलेली. मला माळ्यावर ठेवले आणि सगळे विसरले.

या थंडीत मीनाताई गेली.

रेश्मा पुण्याहून आली. ती फार बोलली नाही. तिने डबे घासले, चादरी धुतल्या, माळा झाडायला काढला. फोनमध्ये आईचे फोटो होते, आवाज नव्हता. व्हिडिओ काढायला गेले की मीनाताई पदर तोंडावर घेई आणि गप्प बसे. माळ्यावर रेश्माला कॅसेटींचे खोके मिळाले. सगळी नातेवाइकांची लग्ने. ती खाली येऊन म्हणाली, “बाबा, कुणाच्या तरी लग्नात आई बोलली असेलच ना? एक वाक्य तरी.”

प्रवीणरावांनी मला पुसले, वायर लावली, बटण दाबले. काही झाले नाही. “दुसरा बघायला हवा,” ते म्हणाले आणि मला काखोटीला मारून रिक्षाकडे निघाले.

“याला कशाला नेताय?”

“मासला नको? काय पायजे ते दुकानदाराला दाखवायला.”

मित्रांनो, किती वर्षांनी मी रस्ता पाहिला! नात्यापासून महाडपर्यंत मी प्रवीणरावांच्या मांडीवर होतो, पहिल्या दिवसासारखा. महाडात चवदार तळ्याजवळच्या दुकानात एकाने मला पाहून विचारले, “काका, ह्यात पोळ्या ठेवता काय?” बिरवाडीच्या भंगारवाल्याने तर काही न विचारता मला काट्यावर टाकले. माझ्या पोटातले बारसे लोखंडाबरोबर वितळणार, या विचाराने मी गार पडलो. प्रवीणरावांनी मला उचलून घेतले. “विकायचा नाय हा. दाखवायला आणलाय.”

शेवटी पोलादपूरला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या सुनीलकडे गेलो. त्याने मला उलटसुलट करून पाहिले आणि तो हसला. “असा एक मी बघितलाय. वर धनगरवाडीत. आनंदीबाईंकडे, खोक्यात बंद.”

रिक्षा चढावर धापा टाकत होती. रेश्मा पुढे वाकून रस्ता बघत होती. तिची बोटे माझ्या झाकणावर वाजत होती. ती आनंदात आहे हे मला त्या बोटांवरून कळले.

आनंदीबाई म्हशींचे आवरून नुकत्याच अंगणात बसल्या होत्या. त्यांनी फडताळातून घोंगडीत बांधलेले खोके काढले. “लेकान दुबईवरना आणला. तवा वाडीत लाईट नव्हती. लाईट आली तवा ह्यो चालवायला कॅसेटी मिळत नव्हत्या. तसाच हाय, कोरा.”

खरेच कोरा होता. माझ्याच घडणीचा, पण अंगावर एक ओरखडा नाही. वायर मात्र उंदरांनी कुरतडली होती. प्रवीणरावांनी माझी वायर काढून त्याला लावली. हिरवा दिवा लागला. माझ्याच वायरीतून वीज जात होती, म्हणून त्या दिव्यात थोडा वाटा माझाही होता.

“कॅसेट दे,” प्रवीणराव म्हणाले.

रेश्मा त्यांच्याकडे बघत राहिली. “तुम्ही घेतल्या ना?”

“मी ह्याला घेतला. कॅसेटी तू घेणार होतीस.”

खोके नात्यालाच राहिले होते. आनंदीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. “बैल घरी ठेवून बाजारात निस्ता कासरा आणलाव?” मग गुरांच्या तोंडात हात घालायची सवय असलेल्या त्या बाईंनी सहज माझी झडप बोटाने आत ढकलली, वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “ह्याच्या पोटात हाय की एक.”

रेश्माने मोबाईलचा उजेड आत टाकला. कॅसेटीच्या पाठीवर मीनाताईचे अक्षर होते: बारसे.

रिक्षावाल्याचा पेचकस आला. प्रवीणरावांनी माझे झाकण उघडले. फीत आतल्या चाकाला वेढून बसली होती. ओढली असती तर तुटलीच असती. निवृत्त फिटरचे ते बोट एक बारीक चाक कणाकणाने फिरवत राहिले, फीत सैल होत गेली, आणि कॅसेट अख्खी बाहेर आली. मला एकदम हलके वाटले.

“लावा,” आनंदीबाई म्हणाल्या.

“नको, आजी. हा कधी चाललेला नाही. चावली कॅसेट तर? घरी जाऊन आधी दुसरी लावून बघू.”

“मग माला कसा दिसनार गो बाय? मशीन माजी नि बारसा तुमच्या घरी?”

म्हणून आनंदीबाईही रिक्षात बसल्या. नव्या व्हीसीआरला त्यांनी मांडीवर घेतले, मला प्रवीणरावांनी. कॅसेट रेश्माच्या ओढणीत होती.

घरी आधी एका दूरच्या चुलत्याचे लग्न लावले. ते नीट चालले. मग दुसरे. तेही नीट चालले. तेव्हा कुठे रेश्माने बारशाची कॅसेट सरकवली.

पडद्यावर आधी मुंग्या दिसल्या, चित्र वाकडे झाले, मग सरळ झाले. पाळणा. बायका. मांडीवरचे बाळ इतके रडत होते की पाळणा ऐकूच येत नव्हता. कुणीतरी म्हणाले, “मीना, गप कर गो तिला, कॅमेरा चाललाय.” मीनाताईने कॅमेऱ्याकडे पाहिलेही नाही. बाळाला खांद्यावर घेत म्हणाली, “रडू दे. तिचा आवाज तरी राहील कॅसेटीत.”

रेश्माने कॅसेट मागे नेली आणि ते वाक्य पुन्हा ऐकले. मग पुन्हा. आई गेल्यापासून जे तिने केले नव्हते, ते आता केले, अगदी त्या बाळासारखे. प्रवीणराव पाणी आणायला उठले, तर आनंदीबाईंनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवले.

बऱ्याच वेळाने प्रवीणरावांनी मुंबईला फोन लावला. “भैरू, कॅसेट मिळाली. मशीनच्या पोटात होती.” पलीकडून साऱ्या घराला ऐकू आले, “आता तरी पुरणपोळीला बोलवाल?”

मित्रांनो, आता मी त्या कोऱ्या भावाशेजारी बसतो, बिनवायरीचा. जुने सगळे जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. घरात एवढी जागा कुणाकडे असते? फक्त एखादी वस्तू काट्यावर टाकण्याआधी तिची झडप बोटाने जराशी ढकलून बघा. हात मात्र आधी धुवा.