भरताच्या कोळशावर दिवा

१९६३ साली अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात शकुनच्या कोळशावर दिवा लागला. चांगला भक्क लागला. आता हे विसरा. दिवा लागलाच नव्हता; परीक्षकांच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे, आणि आपण कशाला कागदाच्या वर जायचं?

शकुन अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती, म्हणजे बाटल्या धुवायची. विभागप्रमुख हरिहर सरांना विजेच्या प्रयोगासाठी विलायती ग्राफाइट हवं होतं. ते बोटीनं निघालं होतं, आणि बरीच वर्षं निघालेलंच होतं. तोवर शकुननं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, बंद डब्यात भाजून कोळसा केला, कुटला आणि खळीत मळून पत्र्यांवर थापला. दोन पत्र्यांमध्ये लिथियमच्या मिठाच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद. ज्योत लाल करून पोरांना चकित करण्यापलीकडे त्या मिठाला कॉलेजात काम नव्हतं. लिथियम कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसलं की वीज साठणार, भसकन बाहेर पडलं की दिवा लागणार. पण शकुनच्या कोळशाला छिद्रंच कमी. दिवा लागलाय का, हे काडी पेटवून बघावं लागे.

"हा कोळसा दात घासायला न्या," सर म्हणाले. "अकोल्यात एकदाच संधी. नाही लागला, तर प्रयोग बंद आणि जन्मभर बाटल्या."

निघायच्या आदल्या दिवशी शकुन घरी आली, तर अकोल्यासाठी राखलेल्या, अजून न कुटलेल्या कोळशाचा डबा रिकामा. तिची माय, माणिकबाई, मळ्यातली वांगी शेगडीवर भाजत बसली होती.

"माय! माहा कोळसा?"

"हा काय, लाल झाला. भरताले लय चांगला हाय. लपवून काहून ठेवला होता व?"

"विजेचा होता तो!"

"मंग? विजेले वांगे चालत नाहीत काय?"

एवढं बोलून माणिकबाईनं रोजच्यासारखं निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं. अर्धा जळलेला कोळसा दुसऱ्या दिवशी वापरायचा, ही त्या घरची रीत. चर्रर्र करून वाफ उठली.

शकुन रडली नाही. तिनं वांग्याची सालं वेचून टाकली आणि तोच कोळसा कुटायला घेतला. "बाटल्याच धुवा लागल्या, तं भरत खाऊन धुईन!"

अकोल्यात परीक्षक चहाच्या कपासाठी वळले आणि शकुननं बटण दाबलं. दिवा पांढराशुभ्र पेटला आणि फटकन उडाला. शेजारचा चिवडेवाला टाळ्या वाजवायला लागला. लाल निखाऱ्यात शिरलेल्या वाफेनं छिद्रंच छिद्रं पाडली होती, हे शकुनला तिथंच उमगलं.

परीक्षकांनी मान वळवली. "दिवा लागलेला दिसत नाही."

"लागला म्हणून तं जळला, साहेब! दुसरा आणला हाय, लावून दाखवू काय?"

"संधी एकदाच ठरली होती," हरिहर सर परीक्षकांचा कागद शकुनपुढं सरकवत म्हणाले. "प्रयोग फसला, असं लिहिलंय, त्याखाली सही करा."

शकुननं पेन घेतलं, कागद उलटा केला आणि उभ्यानंच लिहिलं:

"मा. प्राचार्य यांस, प्रयोगशाळेसाठी विलायती ग्राफाइटऐवजी भरताची वांगी, देठासह, मंजूर व्हावीत. ती भाजण्याकरिता श्रीमती माणिकबाई यांची नेमणूक विभागप्रमुखांच्या वरच्या पदावर व्हावी. आणि आदेश निघेपर्यंत अकोल्यात लागलेला दिवा विझला असे कोणीही समजू नये, ही नम्र विनंती."