पास झालेली मुलगी दाखवा

"आजी, नुसता कोर्स नाही, डिग्री आहे डिग्री," शौनक म्हणाला. "मेडिकल असिस्टंट म्हणजे डॉक्टरचा उजवा हात."

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही बसलो होतो, मी आणि माझी नात मेघाली. शौनक तिथला ॲडमिशनवाला. तिशीचा असेल. मी खुर्चीत बसल्याबरोबर त्याने उठून सुगंधी फवारा मारला आणि म्हणाला, "एसी जरा जुना आहे." एसी नवा होता. डोंबिवली पश्चिमेच्या मच्छी मार्केटमधून मी तशीच आले होते. मासळीच्या वासाचं मला काही वाटत नाही.

बारावीला मेघालीला चोपन्न टक्के पडले. नर्सिंगची सरकारी जागा मिळाली नाही. मग हे सापडलं. तीन वर्षं, दर वर्षी एक लाख चाळीस हजार. माझ्या मुलाचा, गोविंदाचा, टेम्पो आधीच हप्त्यावर. उरला माझा मार्केटातला मासळी विकायचा ओटा. बत्तीस वर्षं बसते मी त्यावर. तो दुसरीला देऊन टाकायचा आणि आलेले पैसे इथे भरायचे, असं घरात ठरत आलं होतं. माझा होकार तेवढा बाकी होता.

छापील कागद मी बोट ठेवून वाचत होते. शौनकचा पाय टेबलाखाली हलत होता.

"हितं लिवलंय, नोकरीसाठी सहकार्य. नोकरी देऊ असं खं लिवलंय?"

"आजी, ती भाषा वकिलांची. शंभर टक्के प्लेसमेंट आहे आपली. स्टार्टिंग पंचवीस हजार."

"बघ ना गं आजी," मेघाली म्हणाली. "पंचवीस!"

भिंतीवर पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या मुलींचे फोटो होते. पहाटे लिलावात पाटी पुढे येते तेव्हा वरची मासळी अशीच चकचकीत मांडलेली असते. आम्ही बायका पाटीच्या तळाशी हात घातल्याशिवाय बोली लावत नाही. तळची मासळी बोटाला मऊ लागली की पाटी सोडून द्यायची, मग विकणारा कितीही ओरडो.

"गेल्या वर्षी पास झालेली एखादी पोर दाखवा," मी म्हटलं.

"हे काय, फोटो आहेत की."

"फोटो नको. बोलती पोर पायजे."

"आजी, काय गं तू, लाज आणतेस," मेघाली पुटपुटली.

पण शौनकला उलट आनंदच झाला. त्याने बाहेर हाक मारली. मघाशी दारात आमची नावं लिहून घेणारी मुलगी आत आली. "ही आसावरी. आपलीच स्टुडंट. सांग आजींना, कसा आहे कोर्स."

"छान आहे," आसावरी म्हणाली. "बीपी घेणं, ईसीजी काढणं, सगळं शिकवतात."

"मग बाय, तू हितं काय करतंस? दवाखान्यात का नाय?"

तिने शौनककडे पाहिलं. "दोन क्लिनिकमध्ये केलेलं ना काम. नऊ हजार द्यायचे. ईसीजी नाही की काही नाही, लादीसुद्धा पुसायला लावायचे. मग सरांनी इथे घेतलं."

"हितं किती?"

"बारा. आणि ॲडमिशनमागे पाच हजार इन्सेन्टिव्ह."

"म्हणजे आमची पोर आली तर तुला पाच हजार?"

तिच्याबद्दल मला राग नव्हता. बारा हजारांतला एक पैसा खर्च केला नाही तरी फी वसूल व्हायला पस्तीस महिने. तेवढाच काळ शिकण्यात गेलेला. आणि त्यावर पोट भरायचं कसं, तर दुसऱ्या पोरी आणून. मला थुंकावंसं वाटलं. पदर तोंडाला लावला.

शौनकला वाटलं, मी फीवर अडले. तो मेघालीकडे वळला. "टेन्शन नको घेऊस. स्कीम तुलाही लागू आहे. मैत्रिणी आण, प्रत्येकीमागे पाच हजार तुझ्या फीतून कट. तीन आणल्यास की पंधरा गेले!"

मेघाली हसली. आम्ही जिना उतरलो तोवर तिच्या हातात मोबाईल होता आणि ती नावांवरून अंगठा फिरवत होती.

"माधवी येईल बघ," ती म्हणाली. "तिला पण काही मिळालं नाहीये."

माधवी ही गंगुबाईची मुलगी. गंगुबाईचा ओटा माझ्या शेजारचा.

"तू आयकलंस ना गो, ती पोर काय बोलली?"

"ऐकलं. मग काय करू? तुझ्यासारखी जन्मभर बर्फात हात घालून बसू?"

माझी बोटं तिने लहानपणापासून पाहिली आहेत.

"बरं," मी म्हटलं. "लाव फोन. माज्यासमोर लाव. मोठ्या आवाजात ठेव. माधवीला काय सांगतंस, किती पगार सांगतंस, ता मना आयकायचंय."

"लावते की. घाबरते का मी?"

तिने लावला. दोनदाच वाजला.

"बोल गं मेघा! काय झालं, कसा आहे कोर्स?"

मेघालीने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"हॅलो? अगं, आवाज येत नाहीये तुझा," माधवी तिकडून म्हणत राहिली. "मेघा? चांगलं आहे का ते? मी पण येऊ?"