शनिवारची सफाई

"अरे, सकाळीच तर टाकला होता ना पासवर्ड! परत काय ओळख विचारतोस मेल्या?"

अनुजा स्क्रीनला नाक लावून पुटपुटत होती. तिच्या खुर्चीला पाठ लागेल एवढ्या अंतरावर मालन, तिची सासू, मेथी निवडत बसली होती. भोईवाड्यातल्या त्या खोलीत पुटपुटणंही खासगी राहत नसे. 'मेल्या' हा शब्द सुनेनं आपल्याकडूनच उचललाय, हे मालनच्या ध्यानात आलं. एरवी तिला हसू आलं असतं. तिनं पुढची काडी मोडली.

"जुना झालाय गं तो कॉम्प्युटर."

"हो ना आई. जुनाच झालाय."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

कॉम्प्युटर गुणाजीचा, म्हणजे मालनच्या नवऱ्याचा. वापरायचे सगळे, पण राखायचा तो. त्याचा बाप गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी साच्यावरची कापसाची धूळ झाडल्याशिवाय घरी यायचा नाही. गुणाजीच्या वाट्याला साचा आला नाही, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसातला की-बोर्ड आला. पण बापाची सवय रक्तात. शनिवारी संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेली बनियन घालून तो मशीनपुढे बसे. ब्रशनं पंख्याची धूळ काढी, नको त्या फायली उडवी, ब्राउझरचा कॅशे रिकामा करी. अनुजा लग्न होऊन आली तेव्हा, घरातली चांदीची भांडी दाखवावीत तसं त्यानं तिला ते सगळं दाखवलं होतं.

"हे बघ, एकदा उघडलेलं पान हा स्वतःजवळ ठेवून घेतो, म्हणजे पुढल्या वेळी धावाधाव नको. फार साचलं की मात्र जड होतो. मग ही खालची चौकट, तिच्यात टिचकी. वरच्या कुकीजला हात लावायचा नाही हां, नाहीतर आपण कोण ते सगळीकडे परत सांगत बसावं लागतं. आणि हे आठवड्यातून एकदाच. रोज काढलंस तर बिचारा तेच पान रोज बाहेरून आणणार. उलट मंदच होईल."

आता वरच्या चौकटीतही टिचकी पडत होती. आणि शनिवार आठवड्यात कधीही उगवत होता.

पहिल्या वेळी मालननं टोकलं होतं. ओलं डोकं पुसत तो खुर्चीत बसला, तेव्हा ती म्हणाली, "आज बुधवार हा." त्यानं कॅलेंडरकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि भलत्याच गावात एसटीतून उतरलेल्या माणसासारखा उभा राहिला. रात्री जेवला नाही. पुढच्या खेपेला त्यानं "आज शनवार ना गो?" विचारलं, तेव्हा मालन "होय" म्हणून मोकळी झाली. मग तेच सोपं पडू लागलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल होतो ना, आपलाच पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा, तसं काहीतरी आत होऊन बसलं होतं. स्वयंपाक होत होता, कपडे वाळत होते.

त्यांचा मुलगा हितेंद्र, अनुजाचा नवरा, त्यानंही सोपंच धरलं होतं. "मशीनच बदलायला पाहिजे," तो म्हणे. बाप नव्या मशीनला तयार होईना, तेव्हा रविवारी तो लॅमिंग्टन रोडवरून जादा रॅम आणि एसएसडी घेऊन आला. दुपारभर बापलेक जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले. गुणाजी तळहातावर स्क्रू धरून एकेक पुढे करत होता. कुठला कुठे बसतो, एकदाही चुकला नाही. संध्याकाळी बटण दाबलं, आणि मालनचे हात पुसून होईपर्यंत मशीन चालू.

"बघा बाबा, रॉकेट!" हितेंद्र म्हणाला, जरा नको इतक्या मोठ्यानं. सगळे हसले. मालनही हसली, आणि हसता हसता तिला कळलं की आता दोष द्यायला काही उरलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी पुन्हा तेच. अनुजाच्या ऑफिसची मीटिंग सुरू व्हायची वेळ आणि मशीन तिला ओळखेना. मेलमधून बाहेर, मीटिंगच्या पानातून बाहेर. फोन शोधून, त्यावरचा कोड टाकून आत शिरेपर्यंत अर्धी मीटिंग उरकली होती. हितेंद्र नुकताच कामावरून येऊन चहा पीत होता.

"ब्राउझर बदलून बघूया," तो कपात बघत म्हणाला. "ह्याच्यातच कायतरी लोचा आहे."

"नेटचापण प्रॉब्लेम असेल," अनुजा म्हणाली.

गुणाजी ओल्या केसांनी दारात उभा होता. "नेटला काय झालंय?" तो म्हणाला. ऑफिसात लोक अडचण घेऊन त्याच्या टेबलाशी येत, तेव्हाचा चेहरा होता त्याचा. "कुणीतरी कुकीज उडवल्यात. मी तर शनिवारशिवाय हात लावत नाही. अनुजा, तूच काहीतरी दाबलंस."

"नाही बाबा, मी..."

"घाई असते तुला. वरच्या चौकटीला शिवू नकोस म्हणून पहिल्या दिवशीच सांगितलेलं. पण ऐकायचं कुणी?"

हितेंद्रनं तोंडाला लावलेला कप खाली घेतला नाही. अनुजानं एकदा सासूकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"असेल बाबा. माझ्याच हातून झालं असेल. सॉरी."

"सॉरी नको. लक्ष ठेव."

मालन गॅसपाशी होती. तासाभरापूर्वीच त्यानं तिला "आज शनवार ना?" विचारलं होतं आणि तिनं होय म्हणून मान हलवली होती. आता त्याचं खापर पोरीच्या डोक्यावर फुटत होतं, आणि पोर ते निमूट फोडून घेत होती.

तिनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले, कोरडेच होते तरी. आणि नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तिनं काय केलं नाय," ती म्हणाली. "तुम्हीच केलंत. आज पण, काल पण. केलेलं तुमच्या ध्यानात ऱ्हवत नाय हल्ली."