हाताला न लागणारी गाठ

कापडदुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुखणी बरी करणाऱ्या बाबांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गर्जना केली, "वितळ! मेणासारखी वितळ!" मग भाचीला म्हणाले, "पोरी, आईला पडद्यामागे ने. छातीतली गाठ हाताला लागते का बघ."

भाची बाहेर आली ती रडतच. "नाही लागत! काहीच नाही लागत!"

जयजयकार झाला. बाबा हसले. "मशीनला दिसली होती ना? आता कुठे गेली, मशीनलाच विचारा! चाकूबिकू काही नको."

बहिणीचं ऑपरेशन सोमवारी होतं. "दादा, सुटले रे मी," ती म्हणाली. "येत नाही म्हणून कळवून टाक."

वाण्याने भलतंच काही बांधून दिलं तरी मी निमूट घरी आणतो. शिवाय मला वैद्यकातलं काय कळतं? वाचलंय तेवढंच. तरी पुटपुटलो, "अगं, काल लागत होती का?"

"काल कशी लागेल? मशीनच्या फोटोत दिसली म्हणून तर कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार बारीक आहे, हाताला कळायचीच नाही."

"मग आज लागली नाही, यात नवल ते काय?"

"आजोबा, खाली बसा!" मागून कुणी ओरडलं. मी बसणारच होतो.

तेवढ्यात भिंतीजवळ बसलेली आमच्या गल्लीतली शिंपीण उठली. "बाबा, माझी वितळवा. लागते बघा, लिंबाएवढी."

"तुझी श्रद्धा कमी पडते, बाई. पुढे कोण?"

"दोन वर्षांपूर्वी तुम्हीच तर बरी केलीत मला! तेव्हा माझीही फोटोतच दिसली होती. सासूबाईंच्या हाताला काही लागलं नाही, म्हणून मी दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाही."

बहिणीने तिचा हात धरला. "सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

बहिणीची गाठ काढली. डॉक्टरीणबाईंना चांगली आशा आहे. शिंपिणीचे रिपोर्ट मात्र वाईट आले. आजार हाडांत पोचला होता.

बाबांनी काहीच वितळवलं नव्हतं. जी आधीच हाताला लागत नव्हती, ती लागत नाही एवढंच त्यांनी दाखवलं. गाठ लवकर सापडलेली प्रत्येक बाई वाचतेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण गाठ हाताला लागण्याआधी फोटोत सापडली, तर पुढची वर्षं मिळायची शक्यता बरीच जास्त असते. ती शक्यता कुणाच्या जयजयकारात घालवू नका.

शिंपीण आता दवाखान्यातच असते. शेजारच्या खाटेवर येणाऱ्या प्रत्येकीच्या लेकीसुनांना ती सांगते, "मी गाठ हाताला लागेपर्यंत थांबले. तुम्ही थांबू नका गं."