श्वासातला होकार

बुर्ज हम्मूद या अरबी मुलखातल्या आर्मेनियन वस्तीत चर्चच्या मागील दोन खोल्यांत दर रविवारी मोफत दवाखाना भरत असे. कारण घरकाम करणाऱ्या परदेशी बायकांना सुट्टी मिळालीच, तर ती त्याच वारी. त्या रविवारी बिझुनेशला एका चिठ्ठीची नितांत आवश्यकता होती. सोमवारपासून एका वृद्ध दांपत्याकडे तिला काम लागणार होते. मात्र तिला छातीचा विकार नाही, असे डॉक्टरांनी लिहून द्यावे, ही त्यांची अट होती. चिठ्ठी नसेल तर पुन्हा काम लावून देणाऱ्या एजंटच्या दारी उभे राहणे आले.

नवे डॉक्टर नदीम वयाने कोवळे, परंतु अत्यंत तळमळीचे होते.

"माझं अरबी कळतंय ना?"

बिझुनेशने चटकन श्वास आत ओढला. "ह्हा!"

तिच्या इथिओपियातील गावी मानाच्या माणसाला होकार असाच देतात. कोरडे 'हो' म्हणणे तिला उद्धटपणाचे वाटे. डॉक्टरांच्या कपाळी मात्र आठी उमटली.

"पाचव्या मजल्यावर राहता?"

"ह्हा!"

"हे असं रोजचंच?"

जिन्याविषयीच विचारीत आहेत असे समजून तिने अधिकच आदराने श्वास ओढला.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली खरी. परंतु निदान मनात आधीच पक्के झाले होते. "दमा दिसतोय. चिठ्ठी आज नाही देता येणार. महिनाभर औषध घ्या, मग बघू."

बिझुनेश ताडकन उठली. "अहो, मी ठणठणीत आहे! गॅसची टाकी घेऊन पाच मजले चढते मी."

"म्हणूनच धाप लागते."

"धाप? मला?"

औषधांच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या वयस्क परिचारिका अनाहिद खुदकन हसल्या. "डॉक्टर, हिला असं काही विचारा, ज्याचं उत्तर 'नाही' येईल."

"म्हणजे?"

"विचारा तर खरं!"

डॉक्टर गोंधळले. "बाई, तुम्ही... आर्मेनियन आहात?"

"छे हो! मी कसली आर्मेनियन?" बिझुनेश सावकाश, स्वच्छ स्वरात म्हणाली.

"मग इथिओपियन?" अनाहिदनी विचारले.

"ह्हा!"

"झाला दमा! अहो, ती 'हो' म्हणतेय."

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा नळी लावली आणि या वेळी मन लावून ऐकले. छाती साफ होती. चिठ्ठीवर सही-शिक्का झाला. बिझुनेशने ती दोन्ही हातांनी घेतली.

एवढ्यात डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मागच्या रविवारी अजून एकीला मी दम्याचा फवारा दिला. वर्कनेश म्हणून."

"वर्कनेश? ती माझ्याच खोलीत राहते! फवारा उशाशी ठेवून रडते, आता मी जगत नाही म्हणून."

"तुम्ही सांगाल तिला?"

"माझं ऐकते कुठली! तिला डॉक्टरचंच खरं वाटतं."

दवाखाना बंद झाल्यावर डॉक्टर नदीम आपली पिशवी घेऊन बिझुनेशच्या मागून पाचव्या मजल्याकडे निघाले.